माळरानाचं संशोधन गावाच्या हाती कसं द्यावं: गवताळ माळ सावरण्याचं काम करणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर, सांगली या जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेतल्या माळांवर संशोधकांची ये-जा वाढली आहे. कुणी लांडग्यांच्या मागावर असतं, कुणी गवतांची यादी करतं, कुणी मातीतला कार्बन मोजतं, कुणी उजाड माळावर पुन्हा गवत आणण्याचे प्रयोग करतं. पण त्याचा निष्कर्ष ज्याच्या मेंढ्या त्या माळावर चरतात त्याला सहसा कळत नाही. कळलाच तर ‘चराई बंद’ असा फलक लागल्यावर कळतो. माळ टिकणार की जाणार, हे मात्र त्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या रोजच्या निर्णयांवर ठरतं.

हा लेख संशोधक, संस्थांचे कार्यकर्ते, वनविभागातले कर्मचारी आणि शिक्षक यांच्यासाठी आहे. संशोधन गावात न्यायचं तर त्याची मापं गावाची हवीत, वेळ गावाची हवी, आणि निष्कर्ष गावाला स्वतः मोजून पडताळता यायला हवा. खालची सगळी कृती या तीन अटींवर बेतलेली आहे.

आधी जमीन कोणाची ते पाहा

एखाद्या माळावर गवताच्या पुनरुज्जीवनाबद्दल बोलायला सुरुवात केली की गावाच्या मनात पहिला प्रश्न येतो: जमीन जाणार का? ही भीती निराधार नाही. १९७९ साली माळढोक या पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावंच्या गावं आणि लोकांच्या खासगी शेतजमिनी आल्या, खरेदी-विक्री आणि बांधकामं अडली. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणलं गेलं, पण माळढोक म्हटलं की जमिनीवर गंडांतर, ही आठवण सोलापूर-कर्जत पट्ट्यात अजून ताजी आहे. त्यामुळे ‘संवर्धन’ हा शब्द तोंडातून निघण्याआधी कागद हातात हवेत.

ज्या माळाबद्दल बोलणार त्याचा सातबारा काढा. तो गायरान आहे, वनखात्याचा आहे, महसूलचा आहे की कुणाच्या खातेफोडीतला पोटखराबा आहे, हे गट क्रमांकासह लिहून ठेवा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीशी बोलायचं, वनजमीन असेल तर उपवनसंरक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय तिथे खुंटीसुद्धा ठोकायची नाही. खासगी असेल तर मालकाची, आणि जमीन सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते. एकाच माळात तिन्ही प्रकारचे गट शेजारी-शेजारी असणं नेहमीचंच आहे. गाव नकाशावर त्यांना वेगवेगळे रंग द्या आणि पहिल्याच बैठकीत तो नकाशा टेबलावर ठेवा. कामामुळे जमिनीच्या नोंदीत कोणताही बदल होणार नाही, असं असेल तर ते लेखी द्या. तसं नसेल, तर नसल्याचं स्पष्ट सांगा.

वन हक्क कायदा २००६ मध्ये चराईचा हक्क आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी वावर या दोन्हींचा उल्लेख आहे. चराईबद्दल काही मांडताना हे ठाऊक असलं पाहिजे, कारण बैठकीत कुणी तरी विचारणारच.

कोणाला काय सांगायचं

‘समाज’ म्हणून एकच श्रोता डोळ्यांसमोर धरला की सांगणं फसतं. मेंढपाळाला चारा किती आणि कधी मिळणार ते हवं असतं. विहिरीवर शेती असलेल्याला पाणी मुरतं का ते हवं असतं. ग्रामपंचायतीला निधी कुठल्या कामावर टाकता येईल ते हवं असतं. जळण आणि गवताचे भारे आणणाऱ्या बायकांना कोणता भाग किती दिवस बंद राहणार, हा प्रश्न सर्वांत आधी असतो, आणि त्यांना बैठकीचं बोलावणंच जात नाही. त्यांची बैठक बचत गटाच्या दिवशी वेगळी घ्या.

आणखी एक श्रोता गावाबाहेरचा आहे आणि त्याच्याकडून माळाचं नुकसान सर्वांत वेगाने होतं. पावसाळ्यात रोपं घेऊन माळावर येणारे शहरातले गट, कंपन्यांचे सामाजिक निधी, वृक्षारोपणाचे संकल्प करणाऱ्या शाळा. त्यांचा हेतू चांगला असतो. पण गवताळ माळ हा तुटलेल्या जंगलाचा तुकडा आहे, ही समजूत चुकीची आहे. आपल्या माळांवरची गवतं कडक उन्हात वाढणारी आहेत. दाट सावलीत ती मरतात. गिरिपुष्प किंवा सुबाभूळ ओळीने लावली की काही वर्षांत खालचं गवत विरळ होतं. सलग समतल चर खणले की जुनी घट्ट मुळं उलथतात, आणि उकरलेल्या मुरमावर गाजर गवत, रानतुळस यांसारखं तण आधी येतं. काळवीट, चिंकारा आणि धाविक, चंडोल या पक्ष्यांना लांबवर दिसणारं मोकळं रान लागतं. त्यांच्या दृष्टीने लागवड म्हणजे घर जाणं.

या गटांना ‘झाडं लावू नका’ एवढंच सांगून चालत नाही. माळाची स्वतःची झाडं असतात: हिवर, बाभूळ, बोर, खैर, पळस, आणि तीही विखुरलेली. ती आपोआप येत असतील तर राखा, ओळीत लावू नका. श्रमदान करायचंच असेल तर विलायती बाभूळ मुळासकट काढणं, घाणेरी उपटणं आणि देशी गवतांचं बी गोळा करणं ही तीन कामं द्या. तिन्हींना हात लागतात आणि फोटोही येतात.

माळ पूर्वी जंगल होता, हा समज दूर करायला एक चांगला आधार आता हाताशी आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम महाराष्ट्राबद्दलच्या तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातले आणि लोकगीतांतले वनस्पतींचे उल्लेख तपासले गेले. त्यांत मोकळ्या, काटेरी माळाच्या वनस्पती जास्त निघाल्या. म्हणजे हे माळ इंग्रजांच्या लाकूडतोडीने झालेले नाहीत, किमान साडेसातशे वर्षं ते असेच आहेत. ही गोष्ट आलेखावर दाखवण्यापेक्षा गावातल्या ओव्या म्हणणाऱ्या जुन्या माणसांना विचारून सुरू करा. बिरोबाच्या, खंडोबाच्या, म्हस्कोबाच्या गाण्यांत कोणती झाडं आणि गवतं येतात, ते त्यांच्याकडूनच येऊ द्या. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी विचारा आणि त्याची एक प्रत त्यांना द्या.

निष्कर्ष गावाच्या मापात बदलणं

शोधनिबंधात लिहिलेलं असतं, ‘संरक्षित भूखंडात कोरडं जैवभार १५० ग्रॅम प्रति चौरस मीटर’. हे वाक्य चावडीवर निरुपयोगी आहे. त्याचं रूपांतर असं करा:

एक गुंठा म्हणजे जवळपास १०१ चौरस मीटर. म्हणून ग्रॅम प्रति चौरस मीटरला १० ने भागलं की किलो प्रति गुंठा मिळतात. १५० ग्रॅम म्हणजे गुंठ्याला १५ किलो वाळलेलं गवत, एकराला साधारण ६०० किलो. त्यातलं निम्मं उभं ठेवायचं, कारण मुळांना पुढच्या पावसात फुटायला साठा लागतो आणि जमीन उघडी पडू नये. उरले ३०० किलो. दख्खनी मेंढी साधारण ३० किलोची धरली तर तिला वजनाच्या ३ टक्क्यांच्या आसपास कोरडा चारा लागतो. तुडवणं-सांडणं धरून रोजचा एक किलो हा हिशोब सोयीचा आहे. म्हणजे एका एकरावर १० मेंढ्यांचा महिना निघतो.

शेवटचं वाक्य मेंढपाळ लगेच तपासतो, मान डोलावतो किंवा ‘एवढं नाही निघत’ म्हणतो. तो नाही म्हणाला तर आनंदाची गोष्ट समजा, कारण तिथून खरा संवाद सुरू होतो. बहुतेक वेळा त्याचं म्हणणं बरोबर असतं: त्या ६०० किलोंत कुसळी किती, हे संशोधकाने वेगळं मोजलेलं नसतं. कुसळी हिरवी असताना चालते, पण पक्व झाल्यावर तिची टोकदार कुसळं लोकरीत आणि जनावराच्या तोंडात-कातडीत घुसतात. वारंवार जाळलेल्या आणि जास्त चरलेल्या माळावर ती वाढते. ‘गवताचं आच्छादन ४० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेलं’ असं कौतुकाने सांगावं आणि वाढलेलं सगळं कुसळी असावं, तर त्या गावात पुढच्या वर्षी कुणी बैठकीला येणार नाही. म्हणून वजन करताना तीन ढीग करा: चाऱ्याची चांगली गवतं (मारवेल, शेडा, पवना, डोंगरी), कुसळी, आणि तण.

गवतांची नावं गावागणिक बदलतात. एका तालुक्यातला पवना दुसऱ्यात वेगळ्याच गवताला म्हणतात. म्हणून पत्रकावर फक्त नाव छापू नका. वाळवलेला, फुलोरा असलेला नमुना जाड पुठ्ठ्यावर चिकटवून खाली दोन-तीन गावांची नावं लिहा. असे दहा पुठ्ठे बैठकीत फिरवले की पंधरा मिनिटांत यादी दुरुस्त होते.

पत्रक एका पानाचं, एका निष्कर्षाचं. वर एक वाक्य, मध्ये एक फोटो किंवा हाताने काढलेलं चित्र, खाली ‘हे कुठे लागू होतं आणि कुठे नाही’ याच्या दोन ओळी. हा शेवटचा भाग गाळण्याचा मोह होतो, पण विश्वास त्यावरच बसतो. हलक्या मुरमाड माळावरचा निकाल काळ्या मातीच्या कुरणाला लागू पडत नाही, हे शेतकऱ्याला आधीच ठाऊक असतं. तुम्हाला ते ठाऊक आहे की नाही, एवढंच तो बघत असतो.

तुलनेची चौकट

बोलण्यापेक्षा कुंपण घातलेला एक छोटा तुकडा आणि त्याशेजारचा मोकळा तुकडा जास्त समजावतो. १० मीटर × १० मीटर पुरेसं आहे. परिघ ४० मीटर. दर अडीच मीटरला एक खांब धरला तर १६ खांब, शिवाय चार कोपऱ्यांना प्रत्येकी दोन तिरके आधार. खांब ६ फुटी घ्या, दीड फूट जमिनीत. जाळी ४ फूट उंचीची, फाटकाच्या वळणासह ४२ मीटर. काटेरी तारेचे तीन-चार पदर स्वस्त पडतात पण उपयोग नसतो: शेळ्या मधून शिरतात, आणि चिंकारा किंवा काळवीट पळताना अडकून जखमी होतं. जाळीवर दोन फुटांवर पांढऱ्या कापडाच्या किंवा पत्र्याच्या पट्ट्या बांधा, म्हणजे जनावराला कुंपण लांबून दिसतं.

जागा निवडताना चांगला तुकडा आत आणि वाईट बाहेर असं नकळत होतं. आधी दोन सारखे तुकडे आखा आणि कोणत्याला कुंपण घालायचं ते गावकऱ्यांसमोर नाणं उडवून ठरवा. अशा किमान तीन जोड्या वेगवेगळ्या जागी हव्यात. एकाच जोडीत फरक दिसला तर तो कुंपणाचा की त्या जागेच्या मातीचा, हे सांगता येत नाही.

चौकट म्हणजे चराईबंदीचा प्रचार नव्हे, हे सुरुवातीलाच सांगा, आणि ते खरंही आहे. पूर्ण बंद ठेवलेल्या तुकड्यात तीन-चार वर्षांनी जुनं वाळलेलं गवत साचतं, नव्या फुटव्यांना उजेड मिळत नाही आणि वाढ मंदावते. आपल्या गवताळ माळांना चरणाऱ्या जनावरांची सवय आहे. म्हणून दुसऱ्या वर्षापासून एक चौकट दिवाळीनंतर चरायला उघडा आणि एक बंदच ठेवा. ‘कधी चारावं’ हा प्रश्न ‘चारावं की नाही’ यापेक्षा फार उपयोगी आहे, आणि त्याचं उत्तर मेंढपाळांबरोबरच शोधावं लागतं.

मोजणीसाठी लागतं ते एवढं: अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे एक-एक मीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो (आतली बाजू बरोबर एक मीटर भरेल असे कापा), विळा, सुती पिशव्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, वही. कडेचा एक-एक मीटर सोडला की आत ८ × ८, म्हणजे ६४ चौरस उरतात. ६४ चिठ्ठ्या करा, शाळेतल्या मुलांना चार काढायला सांगा आणि त्याच चौरसांतलं गवत कापा. पाइपची चौकट हवेत फेकून जिथे पडेल तिथे मोजण्याची पद्धत सोडून द्या, हात नकळत दाट गवताकडे वळतो. जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर ठेवून कापा. बाहेरच्या मोकळ्या तुकड्यातही तसेच चार चौरस घ्या. कापलेल्या चौरसांची नोंद ठेवा, पुढच्या वर्षी ते वगळा.

गवत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं तर ओल कोंडते आणि बुरशी येते. सुती पिशवीत, कडक उन्हात तीन-चार दिवस वाळवा. आज आणि उद्याचं वजन सारखं भरलं की ते पक्कं धरा.

वजन नेहमी पावसासोबत लिहा. शाळेत किंवा पंचायतीच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवा, रोज सकाळी एकाच वेळी मिलिमीटर मांडा. ज्या वर्षी परतीचा पाऊस चांगला झाला त्या वर्षी सगळीकडेच गवत माजतं, आणि श्रेय कुंपणाला जातं. पुढच्या कोरड्या वर्षी गवत बसलं की प्रयोग फसला म्हणून बोभाटा होतो. दोन्ही वेळा आत-बाहेरचा फरक पाहायचा असतो, नुसता आकडा नाही.

पाण्याचं आणि मातीचं प्रात्यक्षिक

‘गवताने पाणी मुरतं’ हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पाहिलेलं नसतं. दोन प्रयोग चावडीजवळच करता येतात.

पहिला ढेकळाचा. एक ढेकूळ जुन्या गवताच्या मुळांखालचं, एक शेजारच्या नांगरलेल्या रानातलं, दोन्ही सुपारीएवढी. दोन दिवस सावलीत पूर्ण वाळवा. ओली ढेकळं घेतली तर फरक दिसत नाही. दोन काचेच्या बरण्या पाण्याने भरा, तोंडावर वाकवलेली बारीक जाळी पाण्यात बुडेल अशी अडकवा आणि दोन्ही ढेकळं एकाच वेळी ठेवा. नांगरलेल्या रानातलं सहसा काही मिनिटांत विरघळून पाणी गढूळ होतं, गवताखालचं बराच वेळ धरून राहतं. मुळं आणि सेंद्रिय पदार्थ मातीचे कण बांधून ठेवतात, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. माती एकाच जातीची असू द्या. काळी आणि मुरमाड यांची तुलना केली तर प्रयोग खोटा ठरतो.

दुसरा पाणी मुरण्याचा. ३० सेंटिमीटर व्यासाचं, दोन्ही बाजूंनी उघडं, एक वीत उंचीचं पत्र्याचं कडं लोहाराकडून करून घ्या, खालची कड धारदार. वर लाकडाची फळी ठेवून ते ७-८ सेंटिमीटर जमिनीत ठोका. आधी एक लिटर पाणी ओतून जमीन भिजवा, ते मुरलं की दुसरा लिटर ओता आणि घड्याळ लावा. या कड्यात एक लिटर म्हणजे १४ मिलिमीटर पाऊस. गवतात, तुडवलेल्या वाटेवर आणि उघड्या मुरमावर असं तीन ठिकाणी करा. माळावर अडचण दगडांची येते: कडं नीट बसत नाही आणि पाणी बाजूने निसटतं, मग उघड्या मुरमातही ‘भराभर मुरलं’ असं वाटतं. बाहेरून ओल्या चिकणमातीचा लेप द्या, तरी पाझरत असेल तर जागा बदला. प्रत्येक प्रकारात किमान तीन वाचनं घ्या आणि मधलं धरा.

शिवारफेरी कधी आणि कशी

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा मध्य, हा काळ सर्वांत चांगला. गवतं फुलोऱ्यात असतात, ओळखता येतात, आणि मेंढपाळ गावी असतात. दिवाळीनंतर अनेक वाडे (मेंढपाळांचे कळपांसह फिरते तळ) कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत कार्यशाळा घेतली तर ज्यांच्यासाठी घेतली तेच नसतात. उन्हाळ्यात माळ बघायला नेलं तर बाहेरच्या माणसाला तो ओसाडच वाटतो.

सकाळी सात ते नऊ, वीसपेक्षा जास्त माणसं नकोत, थांबे चारच: चौकट, तुडवलेला भाग, विलायती बाभूळ शिरलेला भाग, आणि लागवड किंवा चर झालेला भाग. प्रत्येक थांब्यावर आधी गावातल्या माणसाने बोलावं. ‘दहा वर्षांपूर्वी इथे काय होतं?’ हा प्रश्न पुरेसा असतो. संशोधकाने पाच मिनिटं बोलावं, पंधरा नाही.

लांडग्यावरून वाद होणारच. ज्याची मेंढरं मारली गेली त्याच्यासमोर अन्नसाखळी समजावत बसू नये. नुकसानभरपाईची प्रक्रिया आधी सांगा: वनकर्मचाऱ्याला लगेच कळवायचं, मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही, पंचनाम्याची प्रत मागायची. ती माहिती वनरक्षकाच्याच तोंडून आली तर उत्तम, म्हणून त्याला फेरीत बोलवा. वाड्याभोवतीच्या रात्रीच्या राखणीबद्दल मेंढपाळांना तुमच्याहून जास्त कळतं, ते लिहून घ्या.

बी आणि ठोंब: गावाने करण्याजोगं काम

ज्ञान वाटून झाल्यावर ‘मग आता काय करायचं’ असं लोक विचारतात. तिथे उत्तर तयार हवं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळच्याच चांगल्या माळावरून बी गोळा करा. पिकलेलं बी हाताने ओढलं की सहज सुटतं. जोर लागला तर ते कच्चं आहे. एका जागी निम्म्याहून जास्त काढू नका. सुती पिशवीत, कोरड्या जागी, उंदरांपासून दूर ठेवा. या गवतांच्या ताज्या बियांना काही महिने सुप्तावस्था असते, त्यामुळे त्याच हंगामात पेरलं तर जवळपास काही उगवत नाही आणि लोक निराश होतात. मे महिन्यात ओल्या फडक्यावर २५-२५ दाण्यांचे चार गट ठेवून सातव्या आणि चौदाव्या दिवशी मोजणी करा. शंभरांतले वीस उगवले तर बी दुप्पट-तिप्पट लागेल, हे आधीच कळतं.

हेक्टरी ४-५ किलो चांगलं बी पुरतं. ते हलकं आणि केसाळ असल्याने वाऱ्याने उडतं, मुंग्या नेतात. म्हणून माती आणि शेणात मिसळून, पाऊस स्थिर झाल्यावर वरच्या वर टाका. खोल पुरलं तर कोंब वर येत नाही. मारवेलचे ठोंब लावायचे असतील तर ५० × ५० सेंटिमीटरवर गुंठ्याला साधारण ४०० लागतात. एक-दोन गुंठ्यांपासून सुरू करा. पहिलं वर्ष गवत पकडेपर्यंत चराई नको, एवढं तरी पाळावं लागतं.

मात्र एक गोष्ट अतिशय स्पष्टपणे सांगा: मोडलेला माळ परत आणण्यापेक्षा असलेला राखणं कैक पटींनी सोपं आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन इथल्या उद्यानात १९३५ पासून शेतजमिनीवर प्रेअरी (तिथला गवताळ माळ) पुन्हा उभी करण्याचं काम चालू आहे, जगातल्या अशा पहिल्या प्रयत्नांपैकी ते एक. इतकी दशकं जाऊनही तिथला माळ मूळ प्रेअरीसारखा पुरता झालेला नाही. ‘इथे सोलर प्रकल्प होऊ द्या, दुसरीकडे गवत लावू’ असा प्रस्ताव आला तर हे उदाहरण ग्रामसभेत मांडण्याजोगं आहे.

ग्रामसभेत मांडणी

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या नेहमीच्या ग्रामसभा. माळाच्या विषयाला २ ऑक्टोबर सर्वांत सोयीची, शिवारफेरी तोवर झालेली असते. विषय आयत्या वेळी न आणता ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) सभेची सूचना निघण्याआधीच लेखी द्या, म्हणजे तो सूचनेत छापला जातो. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी संख्या लागते. दहा मिनिटं मागा, आठ वापरा. पडद्यावर चित्रं दाखवण्याच्या भानगडीत पडू नका. वीज जाते आणि उजेडात काही दिसत नाही. नकाशा, दोन फोटो, कापलेल्या गवताचे दोन ढीग: आतला आणि बाहेरचा.

ठराव हवा असेल तर मसुदा छोटा ठेवा: कोणता गट, किती क्षेत्र, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत राखण, गवत कापण्याचा हक्क कोणाचा, देखरेख कोणाकडे. शेवटचे दोन मुद्दे गाळले की गवत तयार झाल्यावर भांडण ठरलेलं. जैवविविधता कायदा २००२ नुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. लोक जैवविविधता नोंदवहीत माळाचं पान कोरं असेल तर गवतांची गावाकडची नावं आणि त्यांचे उपयोग समितीमार्फतच त्यात घाला, सांगणाऱ्याच्या संमतीने आणि हवं असल्यास त्याच्या नावानिशी.

काय सांगू नये

लांडग्याची किंवा तरसाची बिळं, माळावरच्या पक्ष्यांची घरटी, कंदीलपुष्पासारख्या दुर्मिळ वनस्पतींची नेमकी जागा कुठेही जाहीर करू नका. मोबाइलच्या फोटोत ठिकाणाची नोंद दडलेली असते. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती तशीच जाते. पाठवण्याआधी ती काढून टाका आणि जागा तालुक्याच्या पातळीवरच सांगा. फोटोसाठी गाड्या घेऊन येणारी माणसं घरटी तुडवतात. धाविक आणि टिटवी जमिनीवरच अंडी घालतात, तीही उन्हाळ्यात, जेव्हा माळ ‘रिकामा’ दिसतो.

व्हॉट्सॲपचा खरा उपयोग आवाजी निरोपांसाठी आहे. दीड-दोन मिनिटांचा, गावच्याच माणसाच्या आवाजातला निरोप मेंढपाळ रानात ऐकतात. लांबलचक लेख कुणी उघडत नाही.

दरवर्षी परत येणं

निकाल लागला तसा सांगा, लागला नाही तरी सांगा. ‘पेरलेल्या चार गवतांपैकी दोन आली नाहीत, बहुधा बी कच्चं होतं’ असं चावडीवर सांगितलेलं वाक्य गावाला पुढच्या वर्षीचं काम देतं. आकडे भिंतीवर रंगवा. फ्लेक्स एका उन्हाळ्यात विटतो आणि मग कुणाच्या तरी गोठ्यावर जातो. ऑइल पेंटचा तक्ता वर्षानुवर्षं राहतो. तक्त्यात चार रकाने पुरेत: वर्ष, पाऊस, आतलं गवत, बाहेरचं गवत, दोन्ही किलो प्रति गुंठा. पुढच्या वर्षांसाठी ओळी रिकाम्या सोडा.

फोटो ठरलेल्या जागेवरून घ्या: जमिनीत पक्का दगड, दीड मीटर उंची, एकच दिशा, समोर दर दहा सेंटिमीटरला खुणा असलेली काठी. वर्षातून दोनदा, ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि एप्रिलअखेर.

प्रकल्पाचा निधी संपतो, संशोधक दुसरीकडे जातात. म्हणून पाइपची चौकट, काटा, पत्र्याचं कडं आणि मूळ नोंदवही पहिल्याच वर्षापासून गावात ठेवा, शाळेत नको, कारण शिक्षकांची बदली होते. समितीच्या दोन सदस्यांकडे किल्ली द्या, त्यांतला एक मेंढपाळ कुटुंबातला असावा. तिसऱ्या वर्षाची मोजणी त्यांनी करावी आणि बाहेरच्यांनी फक्त वजनं तपासावीत. नोंदवहीच्या पानांचे फोटो दर ऑक्टोबरला काढून ग्रामपंचायतीच्या संगणकावर आणि समितीच्या दोन फोनमध्ये ठेवावेत, म्हणजे वही भिजली तरी आकडे जात नाहीत.